फ्लॅट २०४ चा लेखी खुलासा

सोमवार, ७ जुलै
भाईंदर पूर्व

प्रति,
मा. सेक्रेटरी,
सुखछाया को-ऑप. हाउसिंग सोसायटी
(सध्या मुक्काम: व्हिक्टरचा ओटा, उत्तन)

विषय: आपली नोटीस, आणि आपण.

महोदय,

फ्लॅट नंबर २०४ ला दिलेली आपली नोटीस मिळाली. न मिळायला काय झालं? माझ्यासमोर डायनिंग टेबलावर बसून तुम्ही ती लिहिलीत. मध्येच माझा चष्माही मागून घेतलात. मग चपला घालून बाहेर गेलात, दार ओढून घेतलंत, फटीतून नोटीस आत सरकवलीत आणि बेल वाजवलीत. मी दार उघडल्यावर आत येऊन म्हणालात, "चहा टाक." अडतीस वर्षं तुमच्याशी संसार करतेय, पण त्या दिवशी चहात साखर किती घालायची ते मला खरंच सुचेना.

नोटिशीत सात दिवसांत लेखी खुलासा मागितलाय. तुम्ही तर त्याच संध्याकाळी बॅग भरून आपल्या जुन्या ऑफिसातल्या मित्राकडे, व्हिक्टरकडे, निघून गेलात आणि फोन बंद करून ठेवलात. जितू म्हणतो, "आई, बाबांना एक सॉरीचा मेसेज टाकून ठेव." मी कशाला टाकू? नोटीस मला आलीय. मी खुलासा करणार, आणि तोही लेखी. व्हिक्टरची मुलगी स्टेफनी इथे स्टेशनजवळच्या पतपेढीत कामाला येते म्हणून बरं. तिच्या हाती हे पत्र आणि तुमच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या पाठवतेय. माकडटोपी, मफलर आणि वाफ घ्यायचं भांडं आठवणीने नेलंत. गोळ्या फ्रिजवर राहिल्या.

तर खुलासा. "सदर महिला रोज सायंकाळी सहा वाजता, हवामानाची पर्वा न करता, सभासदांना व त्यांच्या पाल्यांना आवारात खेळण्यास चिथावणी देते," असं आपण म्हटलंय. हे खरं आहे. एप्रिलमध्ये आपल्या नातीला, सान्वीला, सुट्टी लागली तेव्हा मी हे सुरू केलं. मुलांबरोबर घरातलं एक मोठं माणूस खेळायला हवं, आणि ऊन आहे, वारा आहे, चिखल आहे ही कारणं चालणार नाहीत, एवढेच माझे नियम. मे महिन्यात इमारतीच्या सावलीत आम्ही लगोरी खेळलो. तुमची सून ममता ऑफिसातून यायची ती खांद्यावरची पर्स न काढता लगोरी फोडायची. तेव्हा तुम्ही खिडकीतून ओरडत होतात, "ऊन लागेल, ऊन लागेल." ऊन लागू नये म्हणून तुमच्या स्वतःच्या खिशात कांदा होता. घरात, पंख्याखाली, खिशात कांदा.

"भर पावसात लोखंडी सळई जमिनीत खुपसण्याचा धोकादायक खेळ घेतला जातो." हेही खरं आहे. सळई एका वेळी एकाच्याच हातात असते आणि बाकीचे सगळे मागे उभे राहतात. आजवर त्या सळईने फक्त चिखलाला इजा झालीय.

राहता राहिलं ते मी आपली नोटीस खाली सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली त्याबद्दल. नोटीस सभासदांच्या माहितीसाठी असते, असं तुम्हीच नेहमी सांगता. तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेनने विचारलं, "किसने दिया ये?" मी म्हटलं, "मेरे मिस्टरने." मग लोक हसले, त्याला मी काय करणार. तुम्ही खिडकीत उभे होतात हे मला दिसलं नव्हतं. बरं, दिसलं होतं.

आपली विश्वासू,
सौ. मनोरमा हरिश्चंद्र साटम

ता. क. घरी कधी येणार, ते नोटिशीत कुठेच लिहिलेलं नाही.


शुक्रवार, ११ जुलै

सेक्रेटरीसाहेब,

पंपाच्या खोलीची किल्ली मिळाली. बिल्डिंगला पाणी चढेना तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, की ती तुमच्या खिशातून उत्तनला गेलीय. पाकिटात किल्लीबरोबर आणखी काही असेल म्हणून मी ते उलटं करून झटकलं. एक चिठ्ठी पडली. "किल्ली, एक नग. पोच द्यावी." ही घ्या पोच. किल्ली पोचली. मी ज्याची वाट बघत होते ते काही पोचलं नाही.

तुम्ही गेल्यामुळे खेळ बंद पडला असेल असं वाटत असेल तर तसं काही झालेलं नाही. मंगळवारपासून पाऊस असा लागलाय की गोडदेव नाक्यावर रिक्षावाले यायला तयार नाहीत. पण सहा वाजले की जिन्यावर गमबुटांचा आवाज सुरू होतो. हल्ली मुलांपेक्षा मोठी माणसंच आधी उतरतात. हंसाबेन रेनकोट घालून खेळतात आणि त्यांचे मिस्टर छत्री धरून त्यांच्या मागे पळतात. मी विचारलं, "रेनकोट है तो छत्री क्यूं?" त्या म्हणाल्या, "वो मेरे लिए नहीं है, मनोरमाबेन. उनको भी कुछ काम चाहिए ना." बिचाऱ्याला आता छत्री धरून इतकी सवय झालीय की काल पाऊस जरा थांबला तेव्हाही तो तसाच पळत होता.

काल सान्वीला मी सळईचा खेळ नीट समजावून सांगितला. रेघेवरून सुरुवात करायची आणि ओल्या मातीत सळई रोवत पुढे जायचं. उभी राहिली तर आणखी पुढे, आडवी पडली तर डाव दुसऱ्याचा. आणि शेवटी जो हरेल त्याने सळई जिथवर गेली असेल तिथून सुरुवातीच्या रेघेपर्यंत लंगडी घालत परत यायचं. ती म्हणाली, "हरल्यावर वर लंगडी पण? हे कोणी ठरवलं?" मी म्हटलं, खेळाचा नियम आहे. ती म्हणाली, "मग आजोबांना आवडेल. ते कधी येणार?" मी म्हटलं, चल, तुझा डाव आहे.

तुमची खिडकी बंद आहे. वरून कुणी "कान झाका" म्हणून ओरडत नाही. परवा कोणीच ओरडलं नाही म्हणून मला चैन पडेना, तेव्हा मीच ओरडले. मुलं दचकली आणि एकाची सळई आडवी पडली.

तुमची तब्येत बरी आहे असं स्टेफनी म्हणाली. म्हणाली आणि तोंडावर रुमाल धरून हसत सुटली. यात हसण्यासारखं काय आहे, ते काही सांगेना.

आपली,
मनोरमा


बुधवार, १६ जुलै

अहो सेक्रेटरी,

स्टेफनी आज पतपेढी सुटल्यावर मुद्दाम घरी येऊन गेली. तिच्या आईने, सेलीनने, माझ्याकडून आंबेहळद मागवलीय. आईचा निरोप पोरीने आईच्याच आवाजात सांगितला. "मनोरमाला सांग, पाय सुजलाय, हाड मोडलेलं न्हाय, पन चालता येत न्हाय." मी विचारलं, कुणाचा पाय? स्टेफनीने आधी आपल्या पंख्याकडे बघितलं, मग म्हणाली, "डॅडींचा. उजवा."

"व्हिक्टर पडला? कसा काय?"

"खेळताना."

"काय खेळताना?"

"आंटी, माझी बस चुकेल."

तर आंबेहळद पाठवतेय. सेलीनला तिच्या घरची कामं थोडी नाहीत, म्हणून कसं करायचं ते तुम्हालाच लिहिते. तुम्ही तिथे मोकळेच आहात, मित्राची सेवा करा. आंबेहळद सहाणेवर उगाळायची, पळीत कोमट करायची, घोट्याभोवती जाड लेप द्यायचा आणि पाय उशीवर ठेवायचा. व्हिक्टरला सांगा, लेप वाळेपर्यंत हलायचं नाही. दर पाच मिनिटांनी "मला काही झालेलं नाही" असं म्हणायचं नाही. आणि लेपाचा डाग सेलीनच्या चादरीला लागला तर तो आधीचाच होता असंही सांगायचं नाही. काही पुरुषांना अशा सवयी असतात. व्हिक्टरला आहेत की नाहीत ते मला ठाऊक नाही.

सोबत तुमचे जुने लोकरीचे मोजे पाठवतेय. व्हिक्टरच्या पायाला बरोबर बसतील असा माझा अंदाज आहे.

त्याच्यावर रागावू मात्र नका. खेळणारा माणूस कधीतरी पडतो, त्यात लाज कसली? आपल्याकडे ममता परवा पर्ससकट पडली. उठली, पर्समधून रुमाल काढून गुडघा पुसला आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. तेव्हा व्हिक्टरला नोटीसबिटीस देऊ नका.

जितू म्हणत होता, रविवारी जाऊन बाबांना घेऊन येतो. मी नको म्हटलं. स्वतःच्या दोन पायांवर गेलेत, स्वतःच्या दोन पायांवर येतील. काय, बरोबर ना?

मनोरमा


रविवार, २० जुलै

अहो,

आज सकाळी स्टेशनच्या बाजारात भाजी घ्यायला गेले, तर समोरून व्हिक्टर. दोन्ही हातांत पिशव्या, तोंडाने शीळ, आणि चालण्याचा झपाटा असा की मलाच बाजूला व्हावं लागलं. मी म्हटलं, "व्हिक्टरभाऊ, पाय कसा आहे?"

"कुठला पाय?" म्हणाला. मग त्याला आठवलं. तिथल्या तिथे लंगडायला लागला.

मी म्हटलं, "स्टेफनी तर उजवा म्हणाली होती."

त्याने पाय बदलला.

मग मात्र आम्ही दोघंही त्या गर्दीत उभे राहून हसलो. शेजारच्या हॉटेलात नेऊन मी त्याच्यापुढे इडलीवडा ठेवला. पहिली इडली संपेपर्यंत तो "वहिनी, मी तुम्हाला काय सांगितलं नाय हां" असं म्हणत होता, आणि वड्यावर आल्यावर त्याने सगळं सांगून टाकलं.

"पहिले दोन दिवस माकडटोपी घालून ओट्यावर बसला होता. आमची नातवंडं समोर चिखलात, आणि हा वरून बोंबलतोय, कान झाका, कान झाका. तिसऱ्या दिवशी पोरांनी कुठून तरी सळई आणली. ॲशलीनं ती हातात घेतली तसा हा उठला. बोलला, अगं, सळई अशी नाय धरत. तिथून जो खाली उतरला, वहिनी, तो वर यायलाच तयार नाय. माझी हाफ पँट घालून खेळतोय. पाऊस असू दे, नसू दे. ॲशली नऊ वर्षांची पोरगी, तिनं हरवला त्याला. मी बोललो, सोड, या वयात लंगडी नको. तो बोलला, नियम म्हणजे नियम. पार माडापासून ओट्यापर्यंत जायचं होतं. अर्ध्यात घसरला."

मी विचारलं, मग घरी का नाही आला? तर म्हणाला, "लाजतोय. बोलतो, ज्याची नोटीस दिली तेच खेळताना पडलो, आता मनोरमासमोर कुठल्या पायावर उभा राहू."

म्हणजे तुम्ही रागावून बसला नव्हतात तर. आणि मी इथे दोन आठवडे तुमच्या रागाला उत्तरं लिहितेय.

आता माझं ऐका. माझ्या खुलाशात एक गोष्ट लिहायची राहिली. मुद्दामच राहिली.

टेलिफोन खात्यात असताना तुम्ही आणि व्हिक्टर भर पावसात खांबांवर चढून तारा जोडायचात. घरी यायचात ते निथळत, आणि दारातूनच कुठली लाइन कशी चालू केली ते सांगायला लागायचात. परळहून इथे आलो, तुम्ही रिटायर झालात, आणि हळूहळू तुमचं बाहेर पडणंच संपलं. मार्चपासून ऊन, जूनपासून चिखल, ऑक्टोबरात उकाडा. डिसेंबरात इथे पंखासुद्धा बंद करावा लागत नाही, तरी तुम्हाला थंडी. डॉक्टर म्हणाले, यांना रोज चालायला लावा. तुम्ही खिडकीपर्यंत चालायचात. मला भीती वाटायला लागली होती. तुम्ही त्या खिडकीत बसल्या बसल्या म्हातारे होताय हे मला दिसत होतं, आणि मी सांगितलं की तुम्ही ऐकणार नाही हेही ठाऊक होतं.

एवढं आवार पडलेलं असताना मी खेळ आपल्याच खिडकीखाली का मांडला असेल? सळईचा खेळ तर मला येतही नव्हता. तुमच्या ताईंनी फोनवर शिकवला. म्हणाल्या, "हऱ्या या खेळात कुणाला ऐकायचा नाही. कुणी सळई चुकीची धरली तर त्याला बघवायचं नाही." म्हणून मी रोज तुमच्या डोळ्यांसमोर ती चुकीची धरत होते. मला वाटलं, आज ना उद्या तुम्हाला राहवणार नाही, खाली याल. तुम्ही दाराबाहेर पडलात ते फटीतून नोटीस सरकवायला.

आणि तिथे नऊ वर्षांच्या पोरीने सळई हातात काय घेतली, तुम्ही चपला काढून चिखलात. मला आधी राग आला. मग हॉटेलात बसल्या बसल्या रडू आलं. व्हिक्टरला वाटलं चटणी तिखट आहे. त्याने माझ्यासाठी पाणी मागवलं आणि माझा वडाही खाल्ला.

मला तुम्ही घरी हवे आहात. सुजलेल्या पायाने आलात तरी चालेल. लोक हसतील, हसू देत. मीही हसणार आहे, ते आधीच सांगून ठेवते. पण या आता.

तुमची,
मनोरमा


गुरुवार, २४ जुलै
उत्तन

प्रति,
सौ. मनोरमा हरिश्चंद्र साटम,
फ्लॅट नं. २०४

विषय: आपला लेखी खुलासा.

महोदया,

आपला खुलासा चार हप्त्यांत मिळाला. तो समाधानकारक आहे. सबब सदर नोटीस मागे घेण्यात येत आहे.

सळई तू कशी धरत होतीस ते मी रोज खिडकीतून बघत होतो. अंगठा वर ठेवायचा नसतो. मी तेव्हाच खाली येऊन सांगणार होतो, चपलाही घातल्या होत्या. पण पाऊस होता.

आंबेहळदीचा लेप दिला. मोजे बरोबर बसले. सूज उतरली आहे. सेलीनच्या चादरीवरचा डाग आधीचाच आहे.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता व्हिक्टर मला रिक्षाने गेटपर्यंत सोडेल. पाऊस असला तरी येतोय. कांदा, टोपी, मफलर काही घालत नाही, तरी सर्वांनी येऊन बघण्याची गरज नाही. सान्वी आली तर चालेल.

गेटच्या आत व्हिक्टरने हात धरायचा नाही असं मी त्याला बजावलं आहे. हरलेल्याने सुरुवातीच्या रेघेपर्यंत लंगडी घालत परत यायचं असतं. माझी लंगडी इथे अर्धवट राहिली. डावा पाय ठणठणीत आहे, आणि आजवर मी कुठलाही नियम मोडलेला नाही.

मात्र रेघ लिफ्टपाशी आखू नकोस, तेवढं जमणार नाही. गेटच्या जवळच आख, आणि तू रेघेवर उभी राहा.

आपला विश्वासू,
हरिश्चंद्र साटम
सेक्रेटरी

प्रत: फाईलसाठी. नोटीस बोर्डवर लावू नये. मोठ्याने वाचू नये.